हिला पाठ हाय का?

शेडगे गेला असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आवाज खाली आणतो. मग मला घाईघाईनं सांगावं लागतं की तो कोळवणला गेला, आपल्या घरी, आणि तिथून अजूनही आमच्या स्टुडिओची कामं करतो. फोनवर त्याचा आवाज येतो, मागून कोंबड्यांचा येतो, कधीमधी त्याच्या आत्याचाही येतो. पण माणूस म्हणून तो समोर नाही ते नाहीच. ऑफिसातली त्याची खुर्ची आता मालकाच्या कुत्र्यानं घेतली आहे, आणि कुत्रा शेडगेपेक्षा शांत आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे. मला मात्र तो आरडाओरडा आठवतो, आणि आठवला की त्या दिवशी कामात लक्ष लागत नाही.

आमचा स्टुडिओ तेव्हा पुण्याबाहेर नांदे गावात होता. स्टुडिओ हा शब्द मालकाचा. खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आम्ही. एका खिडकीतून ऊस दिसायचा, दुसरीतून क्रेन, आणि उसाची बाजू दर वर्षी थोडी आखडायची. मालक निखिल, माझ्याच वयाचा, आयटीतली नोकरी सोडून आलेला. मी मागची चित्रं रंगवायचे: शेत, घर, डोंगर, आभाळ. पंकज नावाचा बिहारचा गडी पात्रांना हलवायचा. आणि पात्रं हलण्यालायक करून द्यायचं काम शेडगेचं. आम्ही लहान मुलांसाठी फोनवर बघायच्या गोष्टी करायचो, बहुतेक शेतातल्या आणि गावातल्या. निखिलचं म्हणणं असं, की शहरातल्या आईबापांना मुलांनी गाव बघावं असं फार वाटतं, फक्त न्यायला वेळ नसतो.

शेडगेचं काम नेमकं काय, हे त्याच्या गावात कुणाला कळलं नाही आणि मलाही कळायला बरेच दिवस गेले. आमच्या धंद्यात चित्र हे कागदी बाहुलीसारखं असतं. नाक वेगळं, डोळे वेगळे, कान, अंबाडा, मान, हात, सगळे सुटे तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक न दिसणारी काडी जोडायची. तिला हाड म्हणतात. हाड ओढलं की तुकडा हलतो. अडचण एवढीच, की ही बाहुली सपाट आहे. तिनं मान वळवली असं आपण पडद्यावर बघतो तेव्हा खरं म्हणजे काहीच वळलेलं नसतं. नाक इतकं सरकलं, डोळे त्याहून कमी, कान उलट्या बाजूला, असे सगळे आपापल्या अंगानं सरकलेले असतात. कुणी किती सरकायचं यात शेडगेचं आयुष्य चाललं होतं.

"ताई, तुमी एसटीत खिडकीला बसता का न्हाई?" त्यानं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी त्याला अरेतुरे करायचे आणि तो मला अहो ताई म्हणायचा. वयानं तो मोठा, पण हा हिशेब आमच्यात कधी दुरुस्त झाला नाही. "कोळवणच्या रस्त्याला बगा. बांधावरचं झाड पळतंय, त्याच्या मागचं घर चालतंय आन् डोंगर जाग्याव. माणसाच्या तोंडावर बी तसंच हाय. नाक म्हंजी बांधावरचं झाड. ते पळनार. डोळं चालनार. कान मागं ऱ्हानार. आन् अंबाडा परतीच्या गाडीत बसल्याला."

हे त्यानं मला सांगितलं, निखिलला सांगितलं, खालच्या हार्डवेअरवाल्याला सांगितलं आणि वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं. ऐकणाऱ्याला गरज असो वा नसो.

त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक काळं मार्कर असायचं. ऑफिसात चहा स्टीलच्या पेल्यांतून मिळे, आणि शेडगेनं एकेक करत सगळ्या पेल्यांवर तोंडं काढून ठेवली होती. समोर डोळे, नाक, मिशी, बाजूंना कान, मागे केस. कुणी मान वळवण्याबद्दल काही चुकीचं बोललं की तो चहासकट पेला उचलायचा आणि नाकासमोर हळूहळू फिरवायचा. "आता बगा. नाक कुटं गेलं? कान कवा आला? मिशीचं एक टोक कुनी खाल्लं?" चहा गार व्हायचा. एकदा मुंबईहून एक बाई काम द्यायला आल्या होत्या, फार मोठं काम, आणि त्यांच्या वाट्याला नेमका मिशाळ पेला आला. त्यांनी प्रत्येक घोटाला त्या माणसाच्या कपाळावर ओठ टेकले आणि आम्ही सगळे क्रेनकडे बघत बसलो. काम मिळालं. शेडगे म्हणाला, पेल्यामुळं मिळालं.

बोलायचा तो मोठ्यानं. फोनवर तर जास्तच. समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून तो पंकजला ओरडून सांगायचा, "कोपराचं हाड निसटलंय, त्ये आदी खांद्याला जोड, मंग मनगट बग." टपरीवाल्याच्या सासूबाई एक दिवस मुरगळलेला हात घेऊन वर आल्या आणि थेट त्याच्यापुढे हात धरून बसल्या. दुसरा कुणी असता तर हसला असता. शेडगेनं चष्मा लावला, हात नीट बघितला, तळवा वर-खाली करायला लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "डागदरकडं जावा, मावशी. आमच्यानं हुयाचं न्हाई. तुमची हाडं खरी हायेत."

पंकजचं आणि त्याचं नातं वेगळंच होतं. शेडगेनं सगळ्या हाडांना मराठी नावं दिली होती. सगळी हाडं जिच्या ताब्यात असतात अशी एक मुख्य काडी डोक्याच्या बाहेर बसवावी लागते. ती एकटी डावीकडे ओढली की नाक, डोळे, कान, अंबाडा सगळे आपापल्या जागी जातात. तिचं नाव त्यानं कासरा ठेवलं होतं, बैलाचा असतो तो. पंकज मराठी शिकला ती या नावांवरून. त्याला दुकानात साखर मागता यायची नाही, पण हनुवटी, कानशील, मानेचा मणका हे तो स्वच्छ म्हणायचा.

त्या पंकजनंच एकदा शेडगेचा अवतार बघायची वेळ आणली. आमच्या एका गोष्टीत एक शेतकरी आत्याबाई होत्या, सगळ्या मुलांना गोष्ट सांगणाऱ्या. शेडगेनं ती बाई आपल्या खऱ्या आत्यावरून केली होती: उभट चेहरा, मोठा अंबाडा, डाव्या नाकपुडीत चमकी. तिला डावीकडे वळवणं शेडगेनं पुरं केलं होतं, उजवीकडचं व्हायचं होतं, आणि निखिलला संध्याकाळपर्यंत भाग हवा होता. पंकजनं जगातले सगळे लोक करतात ते केलं. डावीकडचं चित्र आरशात दिसतं तसं उलटवलं आणि झालं म्हणून सांगितलं.

शेडगेनं ते पाहिलं आणि उभा राहिला.

"चमकी कुटं हाय?"

"है ना, भैया. नाक में है."

"कुटल्या नाकात?"

पंकजनं बघितलं. बाई डावीकडे बघत होत्या तेव्हा चमकी डाव्या नाकपुडीत होती. उजवीकडे वळल्या तशी ती उडी मारून उजवीत गेली होती. पदरही एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला होता.

"मान वळवली म्हनून बाई नवं नाक टोचून घेती व्हय रं?" शेडगेचा आवाज खालच्या दुकानात गेला. "गावात कुनी बगितलं तर काय म्हंत्याल? ही कुनाची बाई हाय, पदर कुनीकडनं घेती, हिला घरात कुनी शिकवलं न्हाई का?"

निखिल म्हणाला, "शेडगे, इट्स फाइन यार, मुलांच्या लक्षात नाही येणार."

"पोरांच्या न्हाई येनार," शेडगे म्हणाला. "आत्याच्या यील."

तो भाग दोन दिवस उशिरा गेला. त्या दिवसांत शेडगे खोलीवर गेला नाही आणि निखिल त्याच्याशी बोलला नाही.

आत्याच्या येईल, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते रोजचं झालं. हौसाआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. शेडगेची आई तो रांगत असताना गेली, आणि आत्या सासरचं सगळं सोडून माहेरी आल्या होत्या त्या तिथेच राहिल्या. का सोडलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भावाची शेती आणि भावाचा मुलगा, दोन्ही त्यांनी वाढवलं. मुलगा पुण्याला जाऊन चित्रकला शिकला इथपर्यंत त्यांना मान्य होतं. त्यानंतर तो काय करतो हा त्यांच्या दृष्टीनं लफड्याचाच प्रकार होता.

"दिसभर बसून काय करतुयास, तर बाहुली हलवतुयास. आन् त्याचा पगार देत्यात. असलं कोन देतंय पगार? काय खरं हाय ते सांग मला." हे त्या दर दिवाळीला विचारायच्या. म्हणून त्या आत्याबाई पुऱ्या झाल्यावर शेडगे फोन घेऊन मोठ्या हौसेनं कोळवणला गेला. तुज्यावरनंच केलीया म्हणाला. आत्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. पडद्यावरची बाई बोलली, हसली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली, चमकी जागच्या जागी. आत्यांनी पुरतं बघितलं आणि फोन परत दिला.

"भिताडाला चिकटवल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. "हिला पाठ हाय का?"

सोमवारी शेडगे ऑफिसला आला तो हेच वाक्य घेऊन. त्यानं ते मला ऐकवलं, निखिलला ऐकवलं, आणि मग दिवसभर कुणाशी बोलला नाही. पेलासुद्धा उचलला नाही. खरं सांगायचं तर आत्यांचं बरोबर होतं. आमच्या बाईला पाठ नव्हती. गोष्टीला लागत नव्हती म्हणून काढलीच नव्हती. तोंड डावी-उजवीकडे जरा वळतं, यापलीकडे या प्रकारात कुणी जात नाही. पूर्ण फिरवायचं म्हणजे नाक दिसेनासं होणार, कान मधोमध येणार, अंबाडा मागून पुढे येणार, आणि कुठला तुकडा कुणाच्या पुढे आणि कुणाच्या मागे हे वाटेत बदलत जाणार. त्या बदलाच्या जागी चित्र हमखास उडी मारतं. "अरे, तर थ्री-डीत कर ना," निखिल म्हणाला. शेडगेनं त्याच्याकडे असं बघितलं की निखिल उठून कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला.

मग ते मानेचं झालं.

शेडगे दर रविवारी घरी जायचा आणि आता आत्यांकडे बघत बसायचा, त्या कशा वळतात ते टिपायला. आत्या चिडायच्या. "काय बगतुयास टक लावून, मी काय सिनेमा हाय?" पण तो बघत राहिला, आणि एका सोमवारी मला म्हणाला, "ताई, आत्याची मान जास्त वळतीया."

म्हणजे काय, मी विचारलं.

"म्हंजी बाजूनं मानूस आला तर आपन जरासं वळतो. डोळं पुडं जात्यात, मान मागनं जाती. तिचं डोळं जाईनात. आख्खी मान फिरवती, तवा दिसतंय. पयल्यांदा असं न्हवतं. मी तिच्यावर हाडं बसवल्यात, मला ठावं हाय तिची मान किती वळती."

मी हसले. मला वाटलं, कामाचं वेड डोक्यात गेलंय. त्यानं मात्र आत्यांना उचलून पौडला डॉक्टरकडे नेलं. तक्रार काय, तर मान जास्त वळते. डॉक्टरांनी मान दाबून बघितली, या वयाला अशी मान भाग्यानं मिळते म्हणाले आणि चोळायला मलम दिलं. आत्या परत येताना सगळी वाट त्याला बोलल्या. तरी तो ऐकेना. दुसऱ्या आठवड्यात पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि तिथे कळलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर केव्हाच गेली होती. मधलं, समोरचं तेवढं उरलं होतं, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही; थेंब घालून उरलेलं जपायचं, आणि तेही किती दिवस टिकेल हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

शेडगेनं हे मला टपरीवर सांगितलं, आणि प्रथमच हळू आवाजात. "मानेवरनं वळाकलं मी," तो म्हणाला. "पन उशिरा वळाकलं." मी दोन चहा सांगितले.

त्यानंतर त्याला एकच गोष्ट हवी होती. आत्यांना दिसतंय तोवर त्यांनी ती बाई पूर्ण फिरलेली बघावी आणि हिला पाठ आहे हे आपल्या तोंडानं कबूल करावं. निखिलच्या कामाशी याचा काही संबंध नव्हता. जेवणाच्या सुट्टीत शेडगे डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं कासरा ओढायचा. बाई वळायची, कान यायचा, अंबाडा यायचा, आणि खांद्याच्या मागे गेल्या गेल्या टुणकन उडी. पुन्हा. पुन्हा उडी. पंकज लांबून बघून नुसतं "अंबाडा" म्हणायचा आणि शेडगे मान हलवायचा. दोघांमध्ये याहून जास्त बोलायची गरज उरली नव्हती.

शेवटी त्यानं जादूगाराची युक्ती केली. बाई अर्धी वळली की हात वर करते आणि पदर डोक्यावर ओढून घेते. बघणाऱ्याचं लक्ष पदराकडे, तेवढ्यात मागच्या मागे कान बदलायचा. उडी गेली. बाई बांधावर उभी आहे, कुणीतरी हाक मारतं, ती वळते, पदर घेते, आणि पाठ करून बांधावरून चालत जाते. मी मागे त्यांचं कोळवणचं शेत रंगवून दिलं होतं. पाठ चालू लागली तेव्हा आम्ही सगळे आपापलं काम सोडून उभे राहिलो होतो. निखिलसुद्धा म्हणाला, "वॉव."

आता दाखव, मी म्हटलं. तर नाही. कान अजून बसला नाही. मान किंचित उशिरा येते. पायाचं पाऊल जड पडत नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. त्याची मंगलवहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, घरी आत्यांचं बघायची. तिचा एक दिवस फोन आला आणि शेडगेनं सवयीनं स्पीकरवर घेतला. "भावजी," ती म्हणाली, "आत्याबाईंनी आज कप ठिवायला टेबल शोधलं. टेबल जाग्याव व्हतं."

शेडगे पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कान तेवढा करतो, आन्—"

मला राग आला. "कान गेला खड्ड्यात, शेडगे," मी म्हटलं. "तुझा कान बसेपर्यंत त्यांचे डोळे थांबणार आहेत का?" एवढं तोडून मी त्याच्याशी आधी कधी बोलले नव्हते. त्यानं मार्कर खिशातून काढलं, पुन्हा खिशात घातलं आणि म्हणाला, "रईवारी चला तुमी बी. तुमची शेती हाय मागं."

कोळवणला भात झोडून झालं होतं, अंगणाच्या एका कडेला पेंढ्याची गंजी रचलेली होती. हौसाआत्या मी कल्पना केली होती त्याहून बुटक्या निघाल्या. मला बघायला त्यांनी मान एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवली, मग म्हणाल्या, "उन्हाची आलीस. बस." शेडगेनं घरातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. वायर भोकात पटकन जाईना. आत्या टीव्हीसमोर पाटावर बसल्या. बाई बांधावर उभी राहिली.

"नाक दिसतंय," आत्या म्हणाल्या.

"आन्?"

"आन् काय? नाक. आता हिरवं. आता गेलं सगळं. कुटं गेली ती?"

शेडगेनं पुन्हा लावलं. आत्या मान फिरवून फिरवून पडदा धुंडाळत होत्या, पण त्यांची नजर जिथं जाई तिथून बाई हललेली असे. नाक बघितलं तोवर अंबाडा गेला, अंबाडा शोधला तोवर पाय गेले. इतके महिने शेडगेनं जे सगळं एका वेळी हलवायचं म्हणून जीव टाकला, ते एका वेळी आत्यांना दिसतच नव्हतं. तो मट्‌कन उंबऱ्यावर बसला. मला वाटलं, आम्ही उशीर केला.

पण आत्या वैतागल्या होत्या. "जवळनं न्हाई दिसत मला. रस्त्यानं येनारा मानूस लांबनं समदा दिसतुया, जवळ आला की निस्तं नाक. लांब ने की ते."

मग सगळं घर हललं. शेडगे आणि त्याच्या चुलतभावानं टीव्ही उचलून पडवीत आणला, सावलीत. वायर पुरेना, तर मंगलवहिनीनं पाण्याच्या मोटारीची वायर सोडून आणली. आत्यांचा पाट अंगणात, मग अंगणाच्या पलीकडे, मग पार आंब्याच्या बुंध्याशी. प्रत्येक ठिकाणी आत्या सांगत, "डोकं आलं. खांदं आलं. अजून लांब." आंब्याला पाठ टेकली तेव्हा त्या म्हणाल्या, "पायांसकट आली. लाव आता."

शेडगे टीव्हीपाशी, आत्या आंब्याखाली, आणि मध्ये सगळं अंगण. बाई बांधावर उभी होती. हाक आली. ती वळली, पदर घेतला, पाठ केली आणि चालत गेली.

"थांब," आत्या आंब्याखालून ओरडल्या. "पदर घेती तवा तू कायतरी लपवलंस."

शेडगे टीव्हीची वायर चाचपू लागला.

"शेतात पदर कोन घेतंय डोईवर? त्यो कमरंला खोचल्याला असतोय. पदराआड काय केलंस, दत्ता?"

"तितं कान बदलतोय, आत्या," शेडगे म्हणाला. चोरी पकडल्यावर लहान मुलं बोलतात तसा. मंगलवहिनी तोंडाला पदर लावून हसली, आणि मग आत्याच हसायला लागल्या, अंगभर, आंब्याला धरून. "ल्हानपनी बी असाच व्हता. कायतरी दावायचं आन् मागनं गूळ घ्याचा. लाव परत."

त्यांनी तीनदा-चारदा बघितलं. शेवटी शेडगेनंच विचारलं. त्याला बहुतेक सहज विचारायचं होतं, पण अंगणापलीकडे ऐकू जायला ओरडावं लागलं. "पाठ हाय का, आत्या?"

आत्यांनी पाठ आंब्याला नीट टेकवली. "हाय की," त्या म्हणाल्या. "पन माजी हाय का, ते मला काय ठावं? मी माजी पाठ कवा बगितलीया? ती तू बगितलीस. शाळंतनं आलास की बांधावर माझ्या मागनं तूच यायचास." आणि मग, "बरी हाय. ताठ हाय. आता असली न्हाई ऱ्हायली."

शेडगेनं चष्मा काढून शर्टाला पुसला. आता काही विचारायचं राहिलं नव्हतं. भावानं टीव्ही आत न्यायला उचलला. मी पडवीत बसून मोटारीची वायर गुंडाळायला घेतली.

पुढच्या आठवड्यापासून शेडगे घरूनच काम करू लागला, आणि मग आम्ही नांदे सोडून बाणेरला आलो. त्यामुळे त्याला मी शेवटचं बघितलं ते तिथेच, त्याच रविवारी. आत्या आंब्याखालून उठल्या नव्हत्या.

"दत्ता, तू हुबा ऱ्हा तितं," त्या म्हणाल्या.

"मी येतो की दर रईवारी, आत्या."

"येतुयास तवा जवळ असतुयास. जवळनं तुजं बी निस्तं नाकच दिसतंय. फीर. समदा बगू दे एकदा."

शेडगे पडवीच्या पायरीखाली उभा राहिला. आधी नुसताच उभा होता, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा. मग फिरू लागला. सावकाश, पावलं जागच्या जागी उचलत. आत्या लांबून सांगत होत्या, "हळू. आजून हळू." तो अर्धा फिरला आणि त्याचं तोंड माझ्याकडे आलं, पाठ त्यांच्याकडे गेली. चष्मा हातातच होता आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं होतं. पुसायला हात उचलला तर मागून लगेच आवाज आला.

"हलू नगंस. पाठ बगतीया मी."

त्यानं हात खाली घेतला आणि तसाच उभा राहिला.